मावळातल्या वाड्यातलं पोर्ट्रेट, रविवर्मा की आणखी कोण: कामाच्या नोंदी

१० जून २०२४

चित्र आलं एकदाचं. छोट्या हत्तीत, दोन गोधड्यांत गुंडाळून, वरून ताडपत्री, आणि नशिबानं पाऊस दुपारनंतर पडला. सोबत काका म्हणजे मालक, सत्तरी ओलांडलेले, आणि त्यांच्या घरातल्या वहिनी. वाडा मावळात आहे, यापेक्षा जास्त पत्ता इथे लिहीत नाही. घरात याला सगळे ‘आईसाहेबांचा फोटो’ म्हणतात पण आहे ते कॅनव्हासवरचं ऑइल. खुर्चीत बसलेली तिशीची बाई, शालू, नथ, चिंचपेटी, तन्मणी, कपाळावर आडवं कुंकू, मागे गडद तपकिरी पडदा. एक हात खुर्चीच्या दांडीवर, दुसरा पदराखाली.

आणि खाली डाव्या कोपऱ्यात पिवळसर रंगात, इंग्रजी अक्षरांत सही: रवि वर्मा. सगळा खटाटोप त्या सहीसाठी. मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याला कुणीतरी सांगितलं की रविवर्म्याचं चित्र कोटींत जातं. काकांचं म्हणणं की रविवर्मा स्वतः वाड्यावर उतरले होते, चार दिवस पाहुणचार घेतला आणि जाताना आईसाहेबांचं चित्र काढून दिलं. पश्चिम महाराष्ट्रात मी ज्या ज्या वाड्यात चित्रांच्या दुरुस्तीच्या कामाला गेलेय तिथे हीच गोष्ट ऐकलीय, आणि इतक्या सगळ्या घरी ते खरंच उतरले असते तर माणसाला ब्रश हातात धरायला वेळ कधी मिळाला असता देव जाणे.

ठरलं ते असं. चित्र कुणाचं आणि चित्राची तब्येत कशी, या दोन प्रश्नांची तपासणी, वर लागेल तेवढी फर्स्ट एड. पूर्ण ट्रीटमेंट आत्ता नाही. काकांना आधीच सांगून ठेवलं की पहिल्याचं उत्तर नावासकट मिळेल याची गॅरंटी नाही, आणि दुसरा प्रश्न जास्त अर्जंट आहे कारण शालूवरचे पापुद्रे आत्ता गाडीतून उतरवताना हलत होते. वहिनींची एकच अट, ११ सप्टेंबरला गौरीपूजन, त्याच्या आत आईसाहेब घरी पाहिजेत.

११ जून

फ्रेममधून काढलं. कॅनव्हास ३६ बाय २८ इंच, म्हणजे इंग्रजांकडे ज्याला किट-कॅट म्हणतात ते पोर्ट्रेटचं तयार माप. मागे मधोमध काळा शिक्का, अर्धा पुसट पण वाचता येतोय, विन्सर अँड न्यूटन, रॅथबोन प्लेस, लंडन, आणि पुढे ‘लिमिटेड’. हा ‘लिमिटेड’ कामाचा आहे. कंपनी १८८२ साली लिमिटेड झाली, म्हणजे कॅनव्हास त्याच्या आधीचा नाही. यातून चित्रकार कोण ते कळत नाही, मुंबईत पैसे टाकून असा कॅनव्हास कुणीही आणू शकत होतं, पण तारखेला खालून एक कुंपण मिळालं.

मग स्टुडिओ अंधार करून एका बाजूनं तिरका लाइट टाकला. समोरून बऱ्यापैकी वाटणारं चित्र तिरक्या उजेडात भयंकर दिसतं. खालच्या काठाला मोठा फुगवटा, चेहऱ्याच्या डावीकडे चौकोनी टेकाड, शालूत रंग कडांनी वर वळून वाट्या झालेल्या, आणि वरच्या भागात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल तडे. असे गोल तडे बहुतेकदा धक्का लागून पडतात, मागून कुणाचं तरी कोपर किंवा शिडी टेकलेली असणार.

चौकोनी टेकाडाचं कारण मागे लगेच सापडलं, मांजरपाटाचं ठिगळ, सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदानं चिकटवलेलं. गोंद वाळताना आक्रसतो आणि कॅनव्हासला आपल्याबरोबर ओढतो, मग ठिगळाचा आकार पुढून उमटतो. खालचा फुगवटा म्हणजे स्ट्रेचरची (कॅनव्हास ज्यावर ताणतात त्या लाकडी चौकटीची) खालची पट्टी आणि कॅनव्हास यांच्या फटीत साठलेला ऐवज: माती, चुन्याचे पोपडे, झुरळाचे पंख, तांदळाचे दाणे, आणि स्ट्रेचरच्याच सुटून पडलेल्या दोन लाकडी पाचरा. आठातल्या दोनच पाचरा जागेवर आहेत, म्हणून कॅनव्हास पोट सुटल्यागत सैल. सगळा कचरा प्लॅस्टिकच्या पट्टीनं हळूहळू काढला, पिशवीत भरून लेबल लावलं. तांदूळ कुठून आले ते वहिनींना विचारायचंय.

१४ जून

वहिनींना फोन. तांदूळ अक्षतांचे. दर गौरीला आईसाहेबांना हळदीकुंकू लावून अक्षता वाहतात, सासूबाईंच्या आधीपासून चालू आहे म्हणाल्या. म्हणजे या चित्रावर गेली कित्येक दशकं वर्षातून एकदा माणसाचं बोट टेकतंय.

पापुद्रे सुटत होते तिथे जपानी टिश्यूचे तुकडे पातळ मिथाइल सेल्युलोजनं (सौम्य गोंदानं) बसवले, आता निदान उताणं ठेवलेलं चित्र उभं करता येईल.

३० जून

पालख्या पुण्यात, निम्मे रस्ते बंद, आज कुणी येणार नाही, म्हणजे अंधार करून यूव्हीचं काम करायला उत्तम दिवस.

यूव्हीखाली जुनं नैसर्गिक रेझिनचं व्हार्निश हिरवट पिवळं चमकतं आणि त्याच्यावर नंतर केलेलं टचिंग काळ्या डागासारखं दिसतं. इथे जवळजवळ सगळ्या चित्रावर हिरवट धुकं आहे, एकसारखं, डमार किंवा तसलंच काहीतरी. काळे डाग दोन-तीनच, ठिगळाच्या समोर आणि गालाजवळ. म्हणजे रंगकाम फारसं कुणी छेडलेलं नाही, ही चांगली बातमी.

खालच्या काठाला आणि दोन्ही बाजूंना मात्र नारिंगी ओघळ. नारिंगी म्हणजे लाख. कुणीतरी फ्रेम न काढता फ्रेमला फ्रेंच पॉलिश मारलं आणि हात चित्रावर गेला. फोनवर वहिनी म्हणाल्या की माझ्या लग्नात वाड्याला रंग काढला तेव्हा सुतारानं सगळ्या फ्रेमा चकचकीत करून दिल्या होत्या. लग्न १९७८ चं. झाली तारीख.

आणि कपाळ! टॉर्च वर नेला आणि कुंकवाच्या भोवती झगझगीत पिवळे ठिपके उजळले, बाकी सगळ्या चित्रापेक्षा तेजस्वी. हळद. हळद यूव्हीत अशी पेटते की तिच्यापुढे व्हार्निश फिकं पडतं. ठिपके कपाळावर आणि पायाकडच्या काठाला, शालूवर एकही नाही. लूपखाली, म्हणजे भिंगाखाली बघितलं तर व्हार्निशच्या थरात रुतलेले बारीक कण आहेत, खालच्या मूळ रंगापर्यंत पोचलेले नाहीत.

आता सही. यूव्हीत ती काळी दिसते आणि हिरव्या धुक्याच्या वर बसलेली आहे. वीसपट लूपखाली ‘आर’च्या उभ्या रेघेला आडवा एक तडा जातो, आणि तडा रेघेला तोडत नाही, पिवळा रंगच त्या तड्यात खाली उतरलाय. तडा जर सहीनंतर पडला असता तर रेघ दुभंगली असती. म्हणजे रंग वाळून, म्हातारा होऊन, तडकून झाल्यावर, वर व्हार्निश बसल्यावर, मग सही झालेली आहे. आणि सहीच्या शेवटच्या अक्षरावर लाखेचा एक नारिंगी ओघळ आहे, म्हणजे १९७८ च्या आधी. काकांना अजून काही बोलले नाही, एक्सआरएफ (एक्स-रे टाकून रंगातली मूलद्रव्यं ओळखायची तपासणी) होऊ दे.

१२ जुलै

ओळखीच्या लॅबमधलं हातात धरायचं एक्सआरएफ मशीन एका दिवसासाठी मिळालं. सॅम्पल न काढता रंगात कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगतं, एवढंच, रंगाचं नाव सांगत नाही, ते आपण लावायचं.

चेहऱ्याच्या उजळ भागात शिसं भरपूर, थोडं जस्त. शिशाचा पांढरा मुख्य, जस्ताचा पांढरा थोडा. कुंकवात पारा, म्हणजे हिंगूळ, जुन्या पॅलेटचा लाल. शालूच्या हिरव्यात क्रोमियम, विरिडियन असावा, १८५९ नंतर कधीही चालतो. जरीच्या पिवळ्यात क्रोमियम आणि शिसं, क्रोम यलो. एकूणात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या माणसाची पेटी, कुठेही खटकणारं काही नाही.

सहीवर मशीन टेकवलं आणि आलेखात साडेचार केईव्हीला (केईव्ही म्हणजे एक्स-रेच्या ऊर्जेचं माप) शिखर. इथे सगळ्यांना नाचावंसं वाटतं, टायटॅनियम! टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला तो १९१६ च्या पुढे, चित्रकारांच्या ट्यूबमध्ये रुळायला आणखी काही वर्षं, आणि रविवर्मा गेले २ ऑक्टोबर १९०६ ला. पण घाई नको, कारण बेरियमचं एक शिखर नेमकं त्याच जागी पडतं, टायटॅनियम ४.५१ ला आणि बेरियम ४.४७ ला, आणि हातातल्या मशीनला एवढ्याशा फरकातून दोघं वेगळे काढता येत नाहीत. बेरियम सल्फेट तर जुन्या रंगांत भरणा म्हणून सर्रास असायचं, याच चित्राच्या अस्तरात, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरात आहे. म्हणून मशीनची एक्स-रे ट्यूब ५० केव्हीवर नेऊन बेरियमचं दुसरं शिखर शोधायचं, ३२ केईव्हीच्या आसपास, तिथे त्याला लपायला जागा नाही. पडद्याच्या मोकळ्या जागेवर ३२ ला छोटं शिखर आणि साडेचारलाही त्याच प्रमाणात छोटं. सहीवर ३२ चं शिखर तेवढंच छोटं, साडेचारचं मात्र कितीतरी पट उंच. दोन-तीनदा जागा सरकवून घेतलं, तेच. सहीत टायटॅनियम आहे आणि मातीच्या रंगात जेवढं सापडतं त्यापेक्षा फारच जास्त आहे.

तर सही साधारण १९२० ते १९७८ च्या मधली. त्या काळात रविवर्मा प्रेसचे छापील देवदेवता घरोघरी होते, नाव सगळ्यांच्या तोंडी. कुणी फसवायला केली की प्रेमानं केली ते मशीन सांगत नाही. माझा अंदाज दुसऱ्याकडे झुकतो कारण विकायला म्हणून चित्र वाड्याबाहेर कधी गेलेलंच नाही.

२५ जुलै

रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरात पाणी. स्टुडिओ उंचावर आहे म्हणून वाचला पण लाइट गेले, डीह्युमिडिफायर बंद, हायग्रोमीटरवर हवेतला दमटपणा ८६ टक्के. ८० च्या वर गेलं की कॅनव्हासवरचा, रंगाखालचा सरस मऊ पडतो आणि कॅनव्हास आवळायला लागतो, आणि त्या दोघांच्या भांडणात वरचा रंग सुटतो. चित्र सिलिका जेलच्या पाकिटांसकट प्लॅस्टिकच्या तंबूत. संध्याकाळी टिश्यू तपासले, सगळे जागेवर.

५ ऑगस्ट

आयआर म्हणजे इन्फ्रारेड फोटो. जुन्या कॅमेऱ्यातला आयआर अडवणारा फिल्टर काढून टाकलेला आहे, त्यावर काळा फिल्टर लावायचा, काम भागतं. आयआरमध्ये वरचा रंग पातळ पडतो, आणि पेन्सिल कार्बनची म्हणून खालून काळी दिसते.

दिसलं काय, तर चौकटी. चेहरा, गळा आणि हातावर एक-एक इंचाच्या उभ्या-आडव्या रेघा, पडद्यावर कुठेच नाहीत. म्हणजे छोट्या फोटोवरून मोठं केलेलं चित्र. काकांकडे मी जुन्या पेटीतले फोटो मागितले होते ते त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवले आणि त्यात हा फोटो आहेच! तीच मान, तीच खुर्ची, नथेचा तोच कल. फोटोत दुसरा हात गुडघ्यावर आहे आणि हललाय, बोटं धूसर आलीत. चित्रकारानं तो हात सरळ पदराखाली घातला. बोटं दिसेनात तर झाकून टाक, हुशार माणूस.

फोटोवरून काढलं म्हणजे रविवर्मा नाही असं मात्र होत नाही, फोटोंचा आधार ते आणि त्यांचे भाऊ राजराज वर्मा दोघंही घ्यायचे. त्यांच्या विरोधात जातं ते जरीचं काम. बडोद्याला फत्तेसिंह म्युझियममधली किंवा औंधच्या संग्रहालयातली त्यांची चित्रं जवळून बघा, जर कधीच सलग रेघ नसते, घडी वळली की ती तुटते, अंधारात बुडते, पुन्हा दोन जाड ठिपक्यांत वर येते. इथे काठ पट्टीनं आखल्यासारखा घड्यांवरून सरळ चालत गेलाय आणि मग त्याच्यावर सावली फासलीय. दांडीवरचा हात पण बघा, मनगटात हाडच नाही. चेहरा मात्र खरंच छान आहे, डोळ्याखालचा थंड करडा रंग ज्यानं लावला त्याला कुणीतरी नीट शिकवलेलं आहे.

कुणीतरी म्हणजे कोण? मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ पासून चालू, कोल्हापुरात आबालाल रहिमान, पुढे आनंदराव आणि बाबूराव पेंटर, आणि यांच्या आसपास फोटोवरून पोर्ट्रेट करून देणारी कितीतरी मंडळी गावोगाव फिरत. मुंबईचे चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांचं नाव एका मित्रानं सुचवलं, मला पटत नाही, त्यांचं ड्रॉइंग असं ढिलं नसतं आणि ते सहसा सही आणि साल टाकून मोकळे व्हायचे.

१६ ऑगस्ट

स्ट्रेचरच्या वरच्या पट्टीवर मागे पेन्सिलीचं काहीतरी आहे ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं, मोडी आहे एवढं कळलं होतं. आयआरमध्ये स्वच्छ आलं. मोडी वाचणाऱ्या एका काकूंना फोटो पाठवला, त्यांचं तासाभरात उत्तर: ‘सौ. आईसाहेब यांची तसबीर, शके १८२१, बाकी येणे रुपये २५’.

शके १८२१ म्हणजे १८९९-१९००. शिक्का, रंग, फोटो, सगळ्याशी जुळतं. नाव नाही! हिशेब लिहिला, पंचवीस रुपये येणे आहेत ते लिहिलं, स्वतःचं नाव लिहायचं बाबाला सुचलं नाही.

बरं, याच १८९९ मध्ये रविवर्मा प्रेस मुंबईहून मळवलीला आला, प्लेगच्या दिवसांत. मळवली म्हणजे वाड्यापासून बैलगाडीच्या टप्प्यात. ‘रविवर्मा इथे आले होते’ या गोष्टीचं मूळ मला तिथे दिसतं, घरातलं कुणीतरी प्रेसवर जाऊन आलं असेल, छापील चित्रं आणली असतील, आणि पुढच्या पिढ्यांत दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या असतील. हा अंदाजच, रिपोर्टात अंदाज म्हणूनच जाईल.

१८ ऑगस्ट

काकांना सगळं सांगितलं. फोनवर बराच वेळ शांतता, मग “म्हणजे आमचे वाडवडील खोटं बोलले का हो?” मी म्हटलं काका, वाडवडिलांनी १८९९ ला मुंबईचा पेंटर गाठून विलायती कॅनव्हासवर घरातल्या बाईचं चित्र काढून घेतलं, त्या काळात किती घरांनी केलं असेल हे? ते त्यांना आवडलं. मुंबईचा हे मी जरा पुढे जाऊन बोलले, रिपोर्टात ‘पश्चिम महाराष्ट्र’ असंच येईल.

मुलाचा रात्री कॉल. त्याला पटकन सांगून टाकलं की विषय नावाचा नाहीच. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं पेंटिंग पुरावस्तूत धरतात, खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्मा असते तर कलानिधी म्हणून वेगळी बंदी लागली असती, ते नाहीत तरी हे चित्र न्यू जर्सीला जाणार नाही. उलट पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी झालीय का ते बघायला सांगितलं. नाराज झाला, पण काकांच्या आवाजात मला जरा सुटल्यासारखं वाटलं.

२४ ऑगस्ट

क्लीनिंग टेस्ट. कापसाचे बोळे काडीवर गुंडाळून, कडेच्या बिनमहत्त्वाच्या जागी, मुगाएवढे चौकोन.

नुसतं डीआयोनाइज्ड पाणी: वरची काजळी थोडी निघते. पाण्यात थोडं ट्रायअमोनियम सायट्रेट: बोळा कोळशासारखा काळा, खाली व्हार्निश शाबूत. समया आणि उदबत्त्यांचा शंभर वर्षांचा धूर आहे तो, एवढ्यानंसुद्धा चित्र दोन पायऱ्या उजळेल.

व्हार्निशला व्हाइट स्पिरिट आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलचं मिश्रण लागू पडतं. चेहऱ्याच्या कडेला, शिशाच्या रंगावर, काही भीती नाही. पडद्याच्या तपकिरीत मात्र बोळा लगेच तपकिरी आला, म्हणून तिथे थांबले. चित्रकारानं गडद रंगात रेझिन मिसळलेलं दिसतंय, ते व्हार्निशबरोबरच विरघळणार. पडद्यावरचं व्हार्निश पातळ करता येईल, पूर्ण काढता येणार नाही.

लाखेला कडक अल्कोहोल लागतं, आणि लाख सहीवर आहे. तिथे हात लावला की सही पण जाते. टेस्ट केली नाही, तो निर्णय घरच्यांचा. माझं मत विचारलं तर सही ठेवावी. ती खोटी आहे हे लिहून ठेवलं की पुरे, शिवाय वाड्यात जे पन्नास-शंभर वर्षं मानलं गेलं त्याचा तोच एक पुरावा आहे. माझ्या ओळखीतले दोघं-तिघं कॉन्झर्वेटर यावर माझ्याशी कडकडून भांडतील.

२ सप्टेंबर

रिपोर्ट दिला. नावाच्या जागी: अज्ञात चित्रकार, पश्चिम महाराष्ट्र, ॲकेडमिक शैलीत शिकलेला, फोटोवरून, शके १८२१. सही नंतरची. अवस्था: मध्यम, शालूचा भाग नाजूक, ठिगळ काढणं गरजेचं, लायनिंगची आत्ता गरज नाही.

लायनिंगबद्दल काकांना कुणीतरी ‘मागून नवीन कापड मारून घ्या’ असा सल्ला दिलाय. मूळ कॅनव्हास अजून खंबीर आहे, कडा शाबूत आहेत, मागे शिक्का आहे. उगाच मेण किंवा गोंद भरून दुसरं कापड चिकटवायचं आणि शिक्का कायमचा झाकायचा, कशासाठी?

हळदीचं वहिनींशी बोलणं झालं. कपाळावरची हळद व्हार्निश काढताना निघेल, त्यातला छोटा भाग तसाच ठेवू का विचारलं तर म्हणाल्या, “तुम्ही काढा हो खुशाल, आम्ही परत लावू!” मग बराच वेळ वाटाघाटी. शेवटी ठरलं की आता चित्रावर बोट नाही, फ्रेमच्या खालच्या पट्टीला लावायचं, आणि अक्षता समोर ताटात.

५ सप्टेंबर

फर्स्ट एड झालेलं चित्र परत पाठवलं. नव्या सहा पाचरा हलक्या हातानं, कॅनव्हास ताणलेला नाही, फक्त पोट आत गेलंय. मागे पोकळ प्लॅस्टिकचा बोर्ड स्क्रूनं, शिक्क्यासमोर खिडकी कापून. शालूवरचे टिश्यू तसेच ठेवलेत, लांबून कळत नाहीत, गौरीच्या पाहुण्यांना कळले तर वहिनी सांगतील. टांगायची जागा बदलली, बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवरून माजघराच्या आतल्या भिंतीवर, समईपासून लांब.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुढचं काम: आधी पापुद्रे सरसानं बसवणं, मग ठिगळ, मग काजळी, व्हार्निश सगळ्यात शेवटी. ठिगळाचा गोंद ॲसिटोनच्या जेलनं फुगवून खरवडावा लागेल, त्यासाठी मांजरपाटाच्या तुकड्यावर तोच गोंद लावून वाळत ठेवलाय. मुलानं ईमेलवर विचारलंय की इन्शुरन्ससाठी किंमत किती लिहायची. मी व्हॅल्युएशन करत नाही, त्याला तसं कळवलंय.